चिखल काढणारे पेंडसेभावजी

पेंडसेभावजी कुणाच्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवतात. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून ती भिंतींवर आपटून कशी परत येते ते ऐकतात, आणि त्यानंतर 'काय म्हणताय' वगैरे. आमच्या सोसायटीला आता याची सवय आहे. पण जगतापांचे आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला बसलो होतो आणि भावजींनी दारातच टाळी वाजवली. सगळ्यांच्या माना वळल्या. भावजी ओशाळले, पण त्यांना राहवेना. हळूच सुनेला म्हणाले, "पलंग हलवलात का?" तिनं मान डोलावली. "तेच. खोली रिकामी वाटतेय." त्यावर ती जी रडायला लागली, ती थांबेना. लोकांना वाटलं, काय मनातलं बोलला हा माणूस.

पिंपळे गुरवला आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये ते राहतात. पन्नाशीला टेकलेले, लग्न केलं नाही. नोकरी चाकणच्या एका कंपनीत. नव्या गाडीत बसून कुठे काय खडखडतं ते ऐकायचं आणि ते बंद करायला लावायचं, हे त्यांचं काम. रविवारी मात्र घरी गाद्या उभ्या करून, खिडक्या लावून ते हिपहॉप गाण्यांचं मिक्सिंग करतात. आमच्याकडे पाहुणे आले की मी गादी मागायला खाली जाते आणि ते म्हणतात, "वहिनी, ही नको, ही कोपऱ्यातला घुमारा खाते. ती घ्या."

मिक्सिंग म्हणजे काय, हे मला त्यांनी मिसळीवर शिकवलं. पिंपरीत खाल्लेली मिसळ त्यांना पसंत पडली नव्हती. "फरसाण पुढे आलंय, रस्सा मागे राहिलाय आणि मटकी तर ऐकूच येत नाही." गाण्यातही तसंच म्हणे. ठोका, सूर, गाणाऱ्याचा आवाज, सगळे एकाच जागेसाठी भांडतात. प्रत्येकाला आपापली जागा करून द्यायची. नाही दिली की खालच्या सुरांत चिखल होतो. चिखल हा त्यांचा लाडका शब्द. लग्नाच्या हॉलमध्ये चिखल, माझ्या पावभाजीत चिखल, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर गुडघाभर.

बालाजी त्यांना कंपनीच्या बसमध्ये भेटला. परभणीकडचा मुलगा, निघोज्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागलेला; बस दोन्हीकडची एकच. मागच्या सीटवर मांडीवर ठेका धरून मित्रांना रॅप ऐकवत होता. भावजी उठून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुझा 'स' टोचतो," ते म्हणाले.

"काय टोचतंय, सर?"

"'स'. कानात टाचणी गेल्यासारखा. रविवारी घरी ये, काढून देतो."

बालाजी मला नंतर सांगायचा, "मला वाटलं दाताचे डॉक्टर हायेत."

पण तो आला. भावजींनी त्याला कपड्यांच्या कपाटात उभं केलं, कारण लटकवलेल्या शर्टांत आवाज घुमत नाही. इस्त्रीच्या शर्टांतून डोकं बाहेर काढून तो माइकमध्ये म्हणायचा:

*कंपनीची बस आली, झोप माझी शिटावर*
*गाव माझं राहिलं रे त्या एस्टीच्या वाटेवर*

मी चहा घेऊन गेले होते, ती ट्रे धरून तिथेच उभी राहिले. माझे वडीलही असेच गाव सोडून इथे कारखान्यात लागलेले. "भावजी, झालं की गाणं," मी म्हटलं. ते हसले. "हे तर कच्चं सामान आहे, वहिनी."

त्यानंतर बालाजी दर रविवारी यायचा. भावजींच्या घरात कधी कांदा चिरल्याचा वास आला नव्हता. आता ते पोहे करायला लागले, युट्यूबवर बघून ठेचाही वाटायला लागले. दोघं मिळून गाणं ऐकायचे ते पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून. लोक गाडीतच गाणी ऐकतात, तिथे पास झालं पाहिजे, असा नियम. एकदा वॉचमनला वाटलं आत कुणाला चक्कर आली, कारण दोघंही डोळे मिटून मान टाकून बसले होते. त्यानं काच ठोठावली. भावजी काच खाली करून म्हणाले, "ठोका चांगला आहे, पण जरा उशिरा पडला."

दोन दिवाळ्या गेल्या, गाणं मात्र होईना. कधी ठोका आणि आवाज भांडायचे, कधी आवाज कोरडा वाटायचा, कधी चिखल. बालाजीच्या मित्रांनी कच्चं गाणं फोनवर ऐकलं होतं, बसमध्ये सगळे ते म्हणायचे. बालाजी म्हणायचा, "सर, टाकून देऊ की आता नेटवर. पोरं विचारायलेत." भावजींचं उत्तर ठरलेलं. "अजून जरा राहिलंय. पुढच्या रविवारी बघू."

मग बालाजीचं लग्न ठरलं. कंत्राट संपत आलंच होतं. सासऱ्यांचं तिकडे परभणीकडे मोबाइलचं दुकान होतं, ते सांभाळायचं ठरलं. तो पत्रिका घेऊन आला तेव्हा मी खालीच होते.

"सर, हळदीला आपलं गाणं वाजवायचंय. जसं हाय तसं द्या."

भावजी स्क्रीनकडे बघत राहिले. "आवाज अजून गाण्यात बसला नाहीये, बालाजी."

"मला तर बसलेला वाटतोय."

"तुला वाटतोय."

बालाजीनं पोहे संपवले, ताटली धुऊन ठेवली, पाया पडला आणि गेला. हळदीत दुसऱ्याच कुणाची तरी गाणी वाजली असणार.

लग्न होऊन बरेच महिने झाले, तेव्हा भावजींनी गाणं पूर्ण करून त्याला पाठवलं. फोन लावला तो आमच्या स्वयंपाकघरातून, स्पीकरवर. एकट्यानं लावायचं धाडस होत नव्हतं, असं वाटतं.

"भारी झालंय, सर," बालाजी म्हणाला. मागे गिऱ्हाइकांचा आवाज होता. "एकदम पिक्चरच्या गाण्यावानी. पण आता नेटवर नका टाकू. दुकानावर सासरे बसतेत, लोक हसतेत. माझंही ते सुटलं आता. तुमच्यापाशी राहू द्या." मग त्यानं भावजींच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

भावजी ओट्याला टेकून उभे होते. मला चीड आली होती. "वेळेवर दिलं असतं तर?" मी म्हटलं. "असं काय राहिलं होतं त्या गाण्यात?"

"काही नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवाळीतच झालं होतं ते. नंतर मी काही हलवलंच नाही. नुसता बटणांशी खेळत बसायचो."

"मग?"

"झालं म्हटलं असतं, तर पुढच्या रविवारी तो कशाला आला असता?"

मी गॅस बारीक केला. मग म्हटलं, "अहो, दुसरं गाणं करू या म्हणायचं होतंत त्याला."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं.

"हे मला सुचलंच नाही, वहिनी," ते म्हणाले.