आप्पांची कंत्राटी शुगर

आमच्या आप्पांची दुखणी शिफ्टमध्ये कामाला यायची. शुगर, बीपी आणि गुडघे अशी तीन होती, आणि एका वेळी औषध एकाचंच परवडायचं. म्हणून या आठवड्यात शुगरची गोळी, पुढच्या आठवड्यात बीपीची, मग गुडघ्यांची. कुणी विचारलं, "आप्पा, बीपी कसं हाय?" की ते सांगत, "सुट्टीवर हाय. सोमवारी हजर होईल."

रोह्याच्या कंपनीत आप्पांनी उभा जन्म पोती उचलली, पण कंत्राटावर. शेजारचे नाना त्याच कंपनीत पर्मनंट. पुढे त्यांचा मुलगा सुभाषही तिथेच लागला, म्हणून नाना-नानींचं औषधपाणी कंपनीकडे. सुभाष दहावीला दोनदा बसलेला. मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, बी.कॉम., आणि घरी बसलेला. माझं जळणं मी पोटात ठेवायचो. आप्पा मात्र उघड उघड जळायचे.

रोज सकाळी नाना ओट्यावर तांब्या घेऊन बसत आणि तळहातावर गोळ्या मांडत. आप्पा कुंपणाशी हजर.

"नाना, ती गुलाबी कसली रे? काल नव्हती."

"चरबीची. रक्तात सापडली."

"म्हंजे रक्त पण तपासलं?"

"मग! सगळं तपासतात. तू पण तपासून घे की."

आप्पा धुसफुसत घरात येत. "त्याला आणखी एक दुखणं निघालं बघ. त्याची शुगर पर्मनंट, माझी कंत्राटी. तो शिरा खातो नि वर गोळी घेतो. मी नुसता वास घेतो."

एकदा नानांनी कुंपणावरून हात पुढे केला. "घे रे, एक गोळी घेऊन बघ."

"दुसऱ्याच्या दुखण्यावर मी जगत नाय," आप्पा म्हणाले आणि पाठ फिरवून घरात आले.

शेवटी मला पेणला एका कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्सला नोकरी लागली. पर्मनंट झालो, तसा आई-वडिलांच्या औषधांचा खर्च ऑफिसकडे गेला. हे ऐकताच आप्पा चहा तसाच टाकून कुंपणाकडे धावले. "ओ नाना! आता आमची पण कंपनीची!"

दोघांना घेऊन मी पेणच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आप्पांना तपासून गोळ्या लिहिल्या.

"आणि चरबीची?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हाला चरबी नाही, आजोबा."

"नीट बघा. नानाला हाय."

मला हसू आवरेना. तेवढ्यात आप्पा उठले, दाराशी उभ्या असलेल्या आईचा हात धरून तिला खुर्चीकडे आणू लागले.

"मला काय धाड भरलीय? चला, एसटी जाईल," आई म्हणाली.

"बस गो गप." मग डॉक्टरांना म्हणाले, "माझी दुखणी पाळीपाळीनं का होईना, कामावर होती. हिच्या दम्याला गेटच्या आत कधी घेतलंच नाय. रात्रभर बसून काढते. आमच्या नानाची बायको तोंडात तो पंप मारते ना, मी रोज बघतो, लगेच मोकळी होते बिचारी. तसला हिला द्या."

आईच्या त्या धापेला घरात आम्ही सगळे चुलीच्या धुराचा ठसका म्हणत आलो होतो. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली. "श्वास घ्या," ते म्हणाले. आईबरोबर आप्पांनीही घेतला.

त्या दिवशी आईला पंप मिळाला. तेव्हापासून दोघांची सगळी औषधं रोज, वेळेवर चालू आहेत.