सोडत खोटी, नावं खरी

वर्तकनगरात भिंतीवर कुठल्याही नटाचा फोटो दिसला, की आमचे शेजारी नाना दाते चष्मा पुसून त्याच्यासमोर उभे राहत. फोटोखालचा मजकूर ठरलेला: अनाथ मुलांच्या मदतीसाठी भव्य सोडत, पहिलं बक्षीस मोटारगाडी. "फोटो बोलत नाही हो," नाना म्हणायचे, "आपणच विचारायचं असतं."

आणि खरंच विचारायचे! एकदा कूपनावरचा अनाथाश्रम शोधत कल्याणला गेले, तर त्या पत्त्यावर पिठाची गिरणी. दुसऱ्या खेपेला नटाच्या हातात पणती होती. "हा फोटो साबणाच्या जाहिरातीतला आहे. हातातल्या वडीवर पणती चिकटवलीय," नानांनी जाहीर केलं. सगळी कॉलनी त्यांना विचारूनच कूपन घेई. म्हणजे घेतच नसे.

त्या पणतीवाल्या सोडतीच्या संध्याकाळी मी सहज मैदानावर गेलो. स्टेजवर लाल गाडी, वर दिव्यांच्या माळा, काचांवर मावळतीचा उजेड. सगळं खोटं आहे हे माहीत असूनही माझा पाय निघेना. आणि गर्दीच्या कडेला, हातात कूपन धरून, नाना!

"नाना, तुम्ही? अहो, गाडी या सोडतवाल्यांच्या मेहुण्यालाच लागणार!"

"लागू दे रे. सोडत खोटी, पण नावं खरी पुकारतात."

कूपनावर लिहिलं होतं, सुमती विनायक दाते. काकूंना जाऊन वर्ष झालं होतं.

"जन्मभर तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली," नाना म्हणाले. "बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात पद्धतच नव्हती. आता तर घरात तिचं नाव घेणारं कोणीच नाही. म्हटलं, एकदा मोठ्यानं ऐकावं."

उत्तेजनार्थ बक्षिसंही संपली. काकूंचं नाव काही आलं नाही. नाना कूपनाची घडी घालू लागले, तसा माझा जीव कळवळला. मी स्टेजमागे गेलो, हरवलेल्या माणसांची नावं पुकारणाऱ्याच्या कानात काकूंचं नाव सांगितलं आणि परत नानांशेजारी येऊन उभा राहिलो.

कर्णा खरखरला. "सुमती विनायक दाते... सुमती विनायक दाते, जिथे असाल तिथून स्टेजजवळ या. तुमची माणसं वाट पाहतायत."

नानांनी मान वर केली. ते कितीतरी वेळ मैदानाकडे बघत राहिले.

"चला नाना, निघू या," मी हळूच म्हटलं.

"थांब रे जरा. गर्दी केवढी आहे. तिला यायला वेळ लागेल."