मामांची डावी सीट

आमचे रिटायर झालेले फोरमन भिंगारदिवे मामा स्पोर्ट्स कार घ्यायला चार शोरूम हिंडले आणि चारही ठिकाणी त्यांनी गाडीकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

शोरूममध्ये शिरले की मामा थेट डाव्या दरवाजाकडे जायचे. स्टिअरिंग सोडून शेजारच्या सीटवर बसायचे, मांडीवर हात ठेवायचे आणि प्रार्थनेला बसल्यासारखे डोळे घट्ट मिटून घ्यायचे. सेल्समनला वाटायचं, काका घाबरले. "सर, एअरबॅग आहेत," असा तो धीर द्यायचा. मामा डोळे न उघडता म्हणायचे, "तू चालव. मी कानाला इचारतो."

'कानाला इचार' हा मामांचा मंत्र. नागापूरच्या एमआयडीसीत मी त्यांच्या हाताखाली लेथ शिकलो. मशीन कुरकुरलं की आम्ही पोरं सगळं खोलायला बसायचो. मामा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावायचे, "तिसरं बेअरिंग" म्हणायचे आणि चहाला निघून जायचे. उघडून पाहावं तर तिसरंच. एकदा मोठे साहेब खोकले, तर मामा म्हणाले, "साहेब, घशातलं न्हाई, खाली छातीत हाय." न्यूमोनिया निघाला. तेव्हापासून साहेब त्यांच्यासमोर खोकायचेच बंद झाले.

तर अशा मामांचा एक दिवस फोन आला. "मिरजगावकडची जमीन इकली. गाडी घ्यायचीय. पळनारी. तुला त्यातलं लई कळतं म्हनतो ना? चल."

मला आनंदाने काही सुचेना. मी जन्माचा कारवेडा. अशा गाड्यांची चित्रं मी आजवर मोबाईलवरच पाहिलेली. मुलगी बघायला जाताना केली नव्हती इतकी गुळगुळीत दाढी केली आणि माझ्या जुन्या हॅचबॅकमधून आम्ही पुण्याला निघालो.

पहिल्या शोरूममध्ये टायवाल्या पोराने कॉफी दिली, तांबडीलाल गाडी दाखवली. मी मागच्या नावापुरत्या सीटवर घडी होऊन बसलो. पोरगा अभिमानाने म्हणाला, "सर, केबिन इतकी सायलेंट आहे की बाहेरचं काही ऐकूच येत नाही."

"मग भाईर जायचंच कशाला? घरी बसतो की," मामा म्हणाले आणि उतरले.

दुसरीकडे बॅटरीवरची गाडी होती. मामा डोळे मिटून वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चालू कर की बाबा."

"सर, आपण सिग्नल ओलांडला."

तिसरीकडे मात्र इंजिन असं काही गरजलं की माझ्या अंगावर काटा आला. "मामा, हीच!" मी मागून ओरडलो. मामांनी मान तिरकी केली, एका बाजूला हात लावून पाहिला. "आवाज दरवाजातनं येतोय. ही टेप हाय." पोरगा ओशाळला. इंजिनाचा आवाज भारदस्त वाटावा म्हणून कंपनीने तो स्पीकरमधून सोडला होता. मी पंधरा वर्षं गाड्यांवर पोसलेलो, मला हे ठाऊक नव्हतं.

शिवाय प्रत्येक गाडीत डावीकडून चार-चार वेळा चढ-उतार. हँडल चाचपडत शोधायचं, छपराला डोकं लागतं का बघायचं, तेही डोळे मिटूनच. एका शोरूममधल्या मुलीने कीव येऊन स्टूल आणून दिलं.

शेवटी वाघोलीजवळ जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे आम्हाला ती भेटली. छोटी, दोनच सीटची, छप्पर मागे दुमडणारी. तिसऱ्याला जागाच नव्हती, म्हणून डीलरने माझं लायसन ठेवून घेतलं आणि किल्ली चक्क माझ्या हातात दिली. काय सांगू! पेडलला पाय टेकवला आणि गाडी सुटलीच. वारा कानात शिरला, माझा शर्ट फुगला, मी वेड्यासारखा हसत होतो. आणि शेजारी मामा, डोळे मिटून, डावा हात बाहेर काढून सांगत होते, "हे गुऱ्हाळ गेलं... ही झाडं... आता पूल हाय खाली... आता पळव!"

परत आलो तर डीलर म्हणाला, "दुसरी पार्टी पाच वाजता येतेय. घ्यायची तर आत्ता बोला."

मामांनी घरी फोन लावला, मागे जाऊन उकिडवे बसले आणि मोबाईल सायलेन्सरपाशी धरला. मला म्हणाले, "दाब." मी ड्रायव्हरच्या सीटवरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पलीकडून मामींचा आवाज आला, "अजून थोडं दाबा की हो!" मी पुन्हा दाबलं. मग मामी खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "घ्या!"

"सर, कलर चालेल ना?" डीलरने विचारलं.

"रंगाचं काय करायचंय?" मामा म्हणाले.

ही सगळी गोष्ट मी कंपनीत मीठमसाला लावून सांगितली. लोक पोट धरून हसले.

रविवारी केडगावला त्यांच्या घरी गाडी आली. पेढे घेऊन मीही पोचलो. मामी भिंतीला हात लावत बाहेर आल्या. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, गाडीवरही नव्हती. शुगरने त्यांचे डोळे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. तेव्हा मामा रिटायर व्हायचे होते, रोज कामावर यायचे, पण आम्हाला कुणाला त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

"मोटरसायकलवर मागं बसली की पाठीत गुद्दे घालायची, पळवा म्हनून," मामा हळूच म्हणाले. "डोळे गेल्यावर भाच्याच्या गाडीतनं नेली. काचा बंद, एसी चालू. म्हनली, डब्यात घालून नेल्यावानी वाटतंय, कुठं चाललो काय कळंना. मंग म्हनलं, तिच्या जागेवर तिच्यासारखं बसून बघावं."

मला माझी लाज वाटली. पेढ्यांचा पुडा तसाच हातात राहिला.

मामींनी कुणाच्याही मदतीशिवाय हँडल शोधलं, दरवाजा उघडला, डोकं न आपटता आत बसल्या. मग विचारलं, "अहो, रंग कोनता हाय?"

मामा गडबडले. दोन पावलं मागे सरून त्यांनी पहिल्यांदाच गाडी नीट पाहिली.

"पोपटी हाय गं."

"अगं बाई! या वयात? लोक बघतील की!"

"बघू दे," मामा स्टिअरिंगवर बसत म्हणाले. "आपल्याला कुठं दिसतंय?"

मामींनी डावा हात बाहेर काढला आणि उजव्या हाताने मामांच्या दंडावर एक गुद्दा घातला. गाडी फाटकातून सुटली. मी तिथेच उभा राहिलो, डोळे मिटले आणि आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिलो.