सदतीस टक्के युरोप

३७

"सदतीस," लुक्रेसियाबाई फोनवर म्हणाल्या.

"शंभरापैकी?" मिर्नानं विचारलं.

"मग काय चाळीसपैकी?"

असुन्सिओनबाहेरच्या एका येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या चहापत्तीच्या, कारखान्यात मिर्ना ओविएदो माल रवाना करायचं काम बघायची. पोत्यांनी भरलेला कुठला ट्रक कुठल्या गावाला जाणार, हे तिच्या टेबलावर ठरायचं. बार्सिलोनातल्या एका संस्थेत एमबीए करायचं, हे तिनं तीन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. फी तिच्या आवाक्याबाहेरची होती. शिष्यवृत्ती होती, पण ती बत्तीस वर्षांच्या आतल्यांनाच. मिर्नाला मार्चमध्ये बत्तीस वर्षं पूर्ण होणार होती. यंदा नाही तर कधीच नाही.

लुक्रेसियाबाई ब्वेनोस आयरेसमध्ये बसून, लोकांना कुठल्या संस्थेत प्रवेश मिळायची किती शक्यता आहे, ते सांगायच्या. त्यांच्याकडे एक तक्ता होता. गुण, अनुभव, भाषा, सगळं त्यात घातलं की खालून आकडा निघायचा.

"बाकी ठीक आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "प्रश्न शिफारसपत्राचा आहे. साध्या पत्राला सदतीस. कडक पत्राला अठ्ठावन्न. साहेबांनी तुमची एखादी खरी चूक लिहायला हवी. तुम्ही कुठे घसरलात, ते काय बोलले, मग तुम्ही कशा सुधारलात."

"आमचे साहेब कुणाला बोलत नाहीत हो."

"मग बोलायला लावा."

५८

"शिफारसपत्र?" एवेलिओसाहेबांनी थंड पाण्यात येर्बा घालून नळीनं प्यायच्या तेरेरेचा शिंगाचा पेला तिच्यापुढे सरकवला. "तूच लिही, पोरी. मी सही करतो."

यात मिर्नाला नवल वाटलं नाही. इथे असंच चालतं. बँकेला असो, शाळेला असो, तुमच्याविषयीचं पत्र तुम्हीच लिहायचं आणि मोठ्या माणसानं खाली नाव घालायचं. त्रेसष्ट वर्षांच्या एवेलिओसाहेबांनी गेल्या वीस-बावीस वर्षांत स्वतःच्या नावापलीकडे काही लिहिलं नव्हतं. त्यांचा ईमेलसुद्धा मिर्नाच उघडायची.

तेव्हा ती साहेबांच्या खुर्चीत बसली आणि साहेब झाली. आधी तिनं लिहिलं, 'मिर्ना गरजेपेक्षा जास्त कष्ट करते.' लुक्रेसियाबाईंचं उत्तर आलं : रद्दी. मग लिहिलं, 'मिर्ना फार काटेकोर आहे.' उत्तर : हे सगळेच लिहितात, आयुष्यात एकदा तरी खरंखुरं चुकला असाल.

एकदा चुकली होती.

*प्रश्न ४. उमेदवाराला तुम्ही दिलेली सर्वांत कठोर समज. (कमाल पन्नास शब्द)*

*चार वर्षांपूर्वी कन्सेप्सिओनला जाणारा नऊ टन माल मिर्नानं पिलारला पाठवला. तिथल्या गोदामात नदीचं पाणी शिरलं. दोन दिवस सगळी गल्ली फुकट तेरेरे प्यायली. मिर्नानं चूक लपवली. मी तिला समोर बसवून म्हणालो, पोरी, माल भिजला तर वाळवता येतो, विश्वास भिजला तर फेकावाच लागतो. ती रडली. त्या दिवसापासून ती प्रत्येक पावती दोनदा आणि*

इथे पन्नास शब्द संपले. मिर्नाला जरा वाईट वाटलं, कारण साहेब रंगात आले होते. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःला रागवायला मिळालं की माणूस किती समजूतदारपणे रागावतो, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"अठ्ठावन्न," लुक्रेसियाबाई म्हणाल्या. "तुमचे साहेब थोर आहेत."

त्या मजकुरात तेवढे साहेबच खोटे होते. बाकी सगळं खरं होतं.

०

साहेब सही करताना कधीच काही वाचत नसत. पण त्या दिवशी त्यांनी खिशातून चष्मा काढला. "आपल्या मिर्नाचं पत्र आहे," ते म्हणाले, "वाचू तरी." आणि तेरेरेची नळी ओठात धरून ते वाचू लागले. थोड्या वेळानं नळीतला आवाज थांबला.

"हे मी म्हणालो?"

"पत्रात म्हणालात, साहेब."

"चांगलं बोललोय." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "नऊ टन."

"हो."

"पिलारला."

"हो, साहेब."

"ते रुबेननं पाठवले होते ना?"

रुबेन साहेबांचा जावई. तेव्हा रवानगी त्याच्याकडे होती आणि मिर्ना शेजारच्या टेबलावरून त्याला मदत करायची. माल भिजल्याची बातमी शनिवारी आली. साहेब सोमवारी विचारतील तेव्हा सांगू, असं मिर्नानं ठरवलं. साहेबांनी सोमवारची वाट बघितली नाही. रविवारी घरच्या जेवणात, अर्धं ताट झालेलं असताना, त्यांनी जावयाला ताटावरून उठवलं आणि कामावरूनही काढलं. त्याच्यामागे मुलगी उठली, मुलीमागे नात. त्यानंतर त्या तिघांनी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. सोमवारी मिर्नाला कुणी काही विचारलंच नाही.

"चार वर्षं," साहेब हळू आवाजात म्हणाले, "मी नातीला शाळेच्या कुंपणातून बघतोय."

त्यांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. पत्र टेबलावर सहीशिवाय राहिलं.

मिर्नानं फोन लावला. "साहेबांनी सहीच केली नाही तर किती?"

"त्याला तक्ता कशाला लागतो?" लुक्रेसियाबाई म्हणाल्या.

१००, साहेबांच्या मते

दोन तासांनी साहेब परत आले. डोळे लाल होते आणि हातात अर्धवट खाल्लेला चिपा होता. ती चीज घातलेली भाकरी नातीनं स्वतः त्यांच्या हातात ठेवली होती.

"माफी मागितली," ते म्हणाले. "दारातच. रुबेन तर बिचारा एक शब्द बोलला नाही. पण मुलगी म्हणाली, त्याला त्याची जागा परत द्या, तर रविवारी येऊ. मी हो म्हणालो."

"त्याची जागा म्हणजे?"

"मालाच्या रवानगीची."

"ते काम आता माझ्याकडे आहे, साहेब."

"पण तू तर चाललीस ना युरोपला?"

"मी सदतीस टक्के चाललेय."

"म्हणजे?"

"म्हणजे शंभर मिर्ना निघाल्या, तर त्रेसष्ट इथेच उभ्या राहणार."

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. त्रेसष्ट मिर्ना मावतील एवढी ती खोली नव्हती.

"मग तुला जायलाच हवं," ते म्हणाले. "आता पत्र मी लिहितो. तुझ्या पत्रानं माझ्या घरात काय झालं ते बघितलं."

दार लावून ते दुपारभर दोन बोटांनी टकटक करत बसले. चार वाजता बाहेर आले तेव्हा पत्र बार्सिलोनाला गेलं होतं. पाठवायचं बटण त्यांना सापडेल, असं मिर्नाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिनं प्रत उघडली.

*ही बाई चार वर्षं माझ्याशी खोटं बोलली. म्हणजे गप्प बसली, तेच ते. तिच्या चुकीसाठी मी जावयाला भरल्या ताटावरून उठवलं आणि नातीचे चार वाढदिवस घालवले. मग तिनं माझ्या नावानं खरं लिहिलं आणि मलाच सहीला आणून दिलं. हे मला जमलं नसतं. मी तिच्यावर अजून रागावलेला आहे. कारखाना कुणाच्या हाती द्यायची वेळ आली तर तिच्याच हाती देईन. तिला घ्या. इथे तिला बसायला खुर्ची उरलेली नाही.*

मिर्ना ते तीनदा वाचून जमिनीवरच बसली. मग तिथूनच तिनं ते फोनवर वाचून दाखवलं.

"चार," लुक्रेसियाबाई म्हणाल्या. "तीनच म्हणा." मग त्या तक्त्यात काहीतरी शोधू लागल्या. "थांबा. हे त्यांनी स्वतः लिहिलं?"

"दोन बोटांनी."

"अकरा वर्षं हा धंदा करतेय मी. साहेबानं लिहिलेलं साहेबाचं पत्र आजवर बघितलेलं नाही. माझ्या तक्त्यात याला रकानाच नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

रकाना नाही

तीन आठवड्यांनी बार्सिलोनाहून मुलाखत लागली. कारखान्यात इंटरनेट धड चालायचं ते फक्त रवानगीच्या टेबलाशी, त्यामुळे मिर्ना लॅपटॉप घेऊन त्याच टेबलाच्या कोपऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. टेबलामागे रुबेन होता. तीन आठवडे ती त्याला काम दाखवत होती आणि तीन आठवडे तो मयताला आल्यासारखा चेहरा करून येत होता. त्याचा राग ती समजू शकत होती.

लुक्रेसियाबाईंनी चाळीस प्रश्न पाठ करून घेतले होते. पडद्यावरच्या बाईंनी त्यातला एकही विचारला नाही.

"तुमच्या साहेबांचं पत्र वाचलं," त्या म्हणाल्या. "जावयाची माफी तुम्ही मागितलीत का?"

मिर्नानं रुबेनकडे बघितलं. "नाही."

"का?"

"तो इथेच बसलाय."

"मग मागा. मी थांबते."

मिर्ना खुर्चीसकट वळली. "रुबेन, पिलारचा माल मी पाठवला होता. तुझ्यावर आलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. मला माफ कर."

रुबेननं पावतीवरून मान वर केली नाही. "माहीत होतं मला. पावतीवर अक्षर तुझंच होतं."

"कधीपासून माहीत होतं?"

"त्याच शनिवारपासून."

"मग बोलला का नाहीस?"

रुबेननं दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तू कधी रविवारी त्यांच्याकडे जेवलीयस का गं? अकराला निखारे पेटवतात, मांस पानात पडतं पाचला. मधले सहा तास ते मला येर्बा कशी वाळवायची ते सांगतात. नऊ वर्षं ऐकलं मी. मग एका शनिवारी पिलारला पाणी आलं." त्यानं उसासा सोडला. "चार वर्षं, मिर्ना. दर रविवारी दुपारपर्यंत झोपलोय. सगळ्याची वाट लावलीस बघ तू."

लॅपटॉपमधून चमत्कारिक आवाज आला. पडद्यावर बाई नव्हत्या, नुसती खुर्ची दिसत होती. थोड्या वेळानं त्या डोळे पुसत वर आल्या आणि शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाल्या की निर्णय समिती घेते, तो पंधरा तारखेला पत्रानं कळेल, त्यांना स्वतःला आज काहीही सांगता येणार नाही. मग त्यांनी चष्मा लावला.

"पण तुमच्याकडून व्हिसाला दोन महिने लागतात," त्या म्हणाल्या. "कागद आजच टाका."

मिर्नाला आभार मानायचे होते, पण पाठ केलेल्या चाळीस उत्तरांमध्ये हे उत्तर नव्हतं. तेवढ्यात रुबेननं आपली खुर्ची सरकवत आणली आणि तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकं घातलं.

"बाई, एक विचारू?" तो म्हणाला. "तिकडे जावई माणसाला किती टक्के आहेत?"