केनवडचा समुद्रघोडा

केनवडच्या तमाम लहानथोरांस, त्यांच्या गुराढोरांसह, गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की गावच्या विहिरीत समुद्र नाही.

एकोणीसशे पन्नास सालानंतर आमच्या गावात अशी दवंडी खरोखर पिटायला हवी होती. कारण आमचे शेजारी महादूमामा रोज दुपारी विहिरीत समुद्र पाहायला उतरत. डोळ्यांवर सायकलच्या ट्यूबमध्ये बसवलेली काच, तोंडात पपईच्या पानाचा पोकळ देठ. पाण्यावर तेवढं देठाचं टोक दिसे, आणि पाण्याला आलेली बाई घागर टाकून पळे.

मामा मध्यंतरी कोकणात बंदराचा धक्का बांधायच्या कामाला गेले होते. तिथल्या पाणबुड्या साहेबाने पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्राखाली नेलं. उसन्या शंखात राहणारे खेकडे, फुलासारखे मिटणारे जीव, सगळं त्यांनी पाहिलं. पण जीव जडला तो बोटभर घोड्यावर. शेपटीने गवत धरून उभा राहणारा. आणि त्यांच्यात म्हणे नरच पोटाच्या पिशवीत पिल्लं वागवतो.

हे ऐकून आख्खा पार हसला. पारासमोर राहणाऱ्या कौसाकाकूंनी तर विचारलं, "त्याले कडबा कोन टाकते? अन् बाळंत झाल्यावर डिंकाचे लाडू?" तेव्हापासून गावाने मामांचंच नाव 'घोडा' ठेवलं.

मामा रागावत नसत. "वरून काय पाह्यता? बुडून पाहा," एवढंच म्हणत. मलाही त्यांनी एकदा बुडवलंच. डोळ्यांवरच्या काचेवरून सरकणाऱ्या गोगलगाईचं पोट मी आतून पाहिलं. ते उपकार मी अजून मानतो. वर आल्यावर विचारलं, त्या घोड्याचं एवढं काय हो? मामा काच पुसत म्हणाले, "तिथं मले आपलं मानूस भेटलं." मला काही उमगलं नाही.

मग सखूचं लग्न निघालं. मामांची एकुलती लेक. तिच्या जन्माच्या वेळीच आई गेली होती, आणि मामांनी दुसरं लग्न केलं नव्हतं. कन्यादानाला पाटावर जोडपंच हवं, एकटा बाप चालत नाही, असं भावकीने ठरवलं. पाटावर सखूचे सख्खे काका-काकू बसणार होते. लग्नाच्या दिवशी मामा मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले आणि खिशातली काच काढून डोळ्यांवर चढवली.

मांडवात हशा पिकला. पण मी जवळ होतो. पाणी बाहेर ठेवायला केलेली ती काच आतून भरत होती.

भटजींनी काकांना हाक मारली. सखू काही केल्या हात पुढे करेना. ती खांबाकडेच पाहत राहिली. आणि सगळ्यांत जास्त हसलेल्या कौसाकाकू एकदम उठल्या.

"बसू द्या ना बाप्पा त्या घोड्याले पाटावर! पोटाशी बांधून पोरगी त्यानं वागवली, काकानं नाई."