अस्वलरावांचं दुसरं हृदय

मुलांनो, जंगल कुठलं ते विचारू नका. सांगितलं तर तिथली मंडळी माझ्या दारात येतील. तर, एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. चांगला राजबिंडा होता. पण हल्लीचे राजे सडपातळ असतात, असं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं. झालं! त्यानं दुपारचं सांबर सोडलं. रात्री फक्त एक ससा, तोही कातडं काढून. बघता बघता महाराजांच्या बरगड्या लांबून दिसू लागल्या.

एका दुपारी महाराज मोहाच्या झाडाखाली उताणे पडले होते. सहज पोटाकडे नजर गेली. बेंबीच्या जरा वर काहीतरी टुणटुण उडत होतं.

"प्रधानजी!"

प्रधान म्हणजे कोल्हा. तो धावत आला. त्यानं महाराजांच्या पोटाला कान लावला आणि चेहरा गंभीर केला. काही कळलं नाही की तो गंभीर व्हायचा.

"महाराज, आत कुणीतरी आहे."

"कालचा ससा?"

"चावून खाल्ला होतात ना?"

राजा घुटमळला. "जरा घाईत होतो."

कोल्हा पोटाजवळ तोंड नेऊन ओरडला, "सशा, बाहेर ये! तुला माफी आहे!"

ससा काही आला नाही. मग गिधाडबाईंना बोलावणं गेलं.

गिधाडबाई जंगलातल्या सर्वांत मोठ्या डॉक्टर. पोटात काय कुठे असतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कैक पोटं त्यांनी आतून पाहिली होती. आणि एकाही पेशंटनं कधी तक्रार केली नव्हती.

त्यांनी पोटावर पंख ठेवला आणि हसल्या. "ससा नाही, काही नाही. ससा गेला जठरात. ती डावीकडे बरगड्यांच्या आडोशाला पिशवी असते. वरून अन्ननळी येते, खालून आतडं सुरू होतं. या पिशवीच्या मागे, पाठीच्या कण्याला धरून एक मोठी रक्तवाहिनी उतरते. तिला महाधमनी म्हणतात. हृदयातून निघते, जठराला, आतड्यांना रक्त देत खाली येते आणि बेंबीपाशी तिचे दोन फाटे होतात. मागच्या एकेका पायाला एक. हृदयाचा ठोका तिच्यातही उमटतो. महाराज वाळलेत, म्हणून तो वरून दिसतोय. दोन घास जास्त खा."

राजा हिरमुसला. "म्हणजे ही सगळ्यांनाच असते? हरणालाही?"

"हरणालाही. घुशीलाही."

"घुशीला आणि मला एकच नळी?"

कोल्हा लगेच पुढे झाला. "महाराज, बाईंचं आता वय झालं. हे आपलं दुसरं हृदय आहे. खास प्रजेसाठी धडधडतंय."

"मला वाटलंच होतं," राजा म्हणाला.

दवंडी पिटली. महाराजांना दोन हृदयं! त्या दिवसापासून सगळं जंगल उपाशी राहू लागलं. ज्याचं पोट उडेल त्याला दरबारात पुढे बसायला मिळायचं. रानडुकराचं काही केल्या उडेना. त्यानं पोटाखाली एक बेडूक बांधला. भर दरबारात बेडूक ओरडला आणि डुकराला मागच्या रांगेत बसवलं.

याच जंगलात अस्वलराव राहायचे. वयस्कर, थुलथुलीत, मध काढण्यात पटाईत. एक दिवस अस्वलीणवहिनींचा हात त्यांच्या पोटावर पडला, तो चक्क वर उचलला गेला.

"अहो, हे काय?"

"दुसरं हृदय!" अस्वलराव आनंदानं उठले आणि कळवळून परत बसले. "ही पाठ तेवढी ठणकते गं मेली."

एवढ्या चरबीतून ठोका लागतोय म्हणजे हृदय केवढं असेल! बघायला रीघ लागली. कोल्ह्यानं जाहीर केलं की पौर्णिमेला टेकडीवर अस्वलरावांचा सत्कार होईल आणि सत्कारमूर्ती सर्वांसमोर नाचतील.

हे ऐकून गिधाडबाई न बोलावता आल्या. त्यांनी पोटाच्या दोन बाजूंना दोन पंख ठेवले. प्रत्येक ठोक्याला पंख एकमेकांपासून लांब सरकत होते. बाईंचा चेहरा उतरला.

"अस्वलराव, महाराजांची गोष्ट वेगळी. ते वाळलेत. तुमच्या धमनीला फुगा आलाय. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो ना, तसा. म्हणून पाठ दुखते. नाचलात तर फुटेल, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही. आजच चला. मी आतून दुसरी नळी बसवते."

"मग ठोका?"

"असा उडणार नाही."

"आणि सत्कार?"

"जिवंत राहिलात तर कशाचाही करून घ्या."

"जळता तुम्ही, बाई."

वहिनी रडायला लागल्या. "अहो, ऐका ना त्यांचं!"

"तू बोलू नकोस! तुझ्या माहेरी एक तरी हृदय धड आहे का कुणाचं?"

गिधाडबाई टेकडीवरच्या वाळक्या सागावर जाऊन बसल्या. राजाला खरं सांगून झालं, अस्वलाला सांगून झालं. आता त्यांना खऱ्याचा कंटाळा आला. त्या उडाल्या त्या थेट राजवाड्यावर उतरल्या.

"महाराज, चुकलंच माझं. ते दुसरं हृदयच आहे."

"बघा!"

"आत्ताच अस्वलरावांचं पाहिलं. काय मोठं हो! आपल्या दुप्पट तरी असेल. प्रजेवर किती जीव असेल त्यांचा!"

महाराजांची शेपटी जमिनीवर आपटू लागली.

"दुप्पट?"

"कमीच सांगतेय."

"काढता येईल?"

"येईल की. पण त्यांची संमती नाही."

"संमती मी देतो!"

रानकुत्र्यांनी अस्वलरावांना झोळीत घातलं. ते शिव्या देत होते. "हळू न्या रे, हिंदकळू देऊ नका," बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्या दिवशी त्यांनी जेवण मुद्दाम आधीच उरकलं होतं.

पोट उघडलं, तर फुग्याची भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. बाईंनी श्वास रोखून आतून नवी नळी शिवली. रक्त खाली दोन्ही फाट्यांत वाहू लागलं, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

अस्वलरावांचं पोट आता उडत नाही, हे बघून महाराज खूश झाले. त्या आनंदात त्यांनी आख्खं सांबर खाल्लं, मग रोजच खाऊ लागले, आणि त्यांचं पोट उडायचं थांबलं. हृदय चिंतनाला बसलंय, असं कोल्ह्यानं जाहीर केलं.

अस्वलराव ठणठणीत बरे झाले. पाठ दुखायची थांबली. पण गिधाडबाईंना त्यांनी माफ केलं नाही. रोज सकाळी टेकडी चढून ते सागाखाली उभे राहत आणि ओरडत, "चोरटे! माझं हृदय परत दे!"

वहिनी मागून गुपचूप मधाचं पोळं ठेवून जायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "बाई, मनाला लावून घेऊ नका हं."

"छे हो," गिधाडबाई म्हणाल्या. "टेकडी चढून आल्यावरही एवढ्या शिव्या देता येतात. शिवण छान बसलीय."

तात्पर्य: डॉक्टरचं ऐकून कुणी बरं होत नाही. म्हणून मुलांनो, मोठेपणी तब्येत सांभाळायची असेल, तर व्यायाम-बियाम सावकाश करा. आधी असा साहेब शोधा, ज्याला तुमचं काहीच बघवत नाही.