दत्तूच्या पिच्चरमधला बाप

लग्नाच्या शूटिंगला आमच्या दत्तूला बोलवायचं असेल, तर काळीज घट्ट करून बोलवा. अक्षता पडत असतात, वाजंत्री कान फोडत असते आणि हा गडी कॅमेरा मांडवाच्या झालरीवर लावून उभा! झालर वाऱ्यानं हलते म्हणे. हलणारच की! विचारलं तर ठरलेलं उत्तर, "अप्पा, घाई कशाला? बघू द्या की नीट."

मांजरसुंब्याच्या चौकात माझं किराणा दुकान, शेजारी त्याचा स्टुडिओ. त्यामुळं त्याच्या वाट्याच्या शिव्या आधी मलाच खाव्या लागतात. एका लग्नाच्या व्हिडिओत तर त्यानं हद्द केली. मंगलाष्टकं चालू, आणि पडद्यावर पाच मिनिटं कोण? नवरदेवाचा जिवलग दोस्त, मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसणारा! नवरीचा बाप तणतणत आला, "आमच्या पोरीचं तोंड कुठं हाय?"

दत्तू शांतपणे म्हणाला, "नवरी समद्यांनी बघितली, मामा. ह्याला कुणी बघितलं?"

मी मधे पडलो म्हणून कॅमेरा वाचला.

मग साहेबांनी स्वतःचा पिच्चर काढायला घेतला. दोन मेंढपाळ, दोघंही बाप्ये, एकमेकांच्या प्रेमात. एक मेंढपाळ खुद्द दत्तू, दुसरा रमेश, चौकातला पंक्चरवाला. नऊ वर्षं दोघं एका खोलीत राहतात. गाव म्हणतं, दोस्त हायेत. मीही तेच म्हणायचो. मला कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं.

जमलेला भाग त्यानं मला मोबाईलवर दाखवला. मेंढरं माळावरनं चाललीत, धूळ उडतेय, दोघं त्या धुळीत दिसेनासे होतात, पुन्हा दिसतात. बस्स! "अबे, ह्यात मारामारी कधी?" मी विचारलं. पण साखर न्यायला आलेल्या दोन बाया पिशव्या तशाच धरून बघत राहिल्या, आणि खरं सांगतो, मीही दुकान विसरलो.

पिच्चरमधल्या दत्तूच्या बापाचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्या मिशा त्याच्या बापासारख्या म्हणे. खरा बाप गावाकडं, चकलांब्याला. रमेशला सोबत घेऊन दत्तू एकदा घरी गेलता, सगळं खरं सांगायला. बापानं ऐकून घेतलं आणि दार लावलं, ते त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. पिच्चरमधल्या बापानं मात्र दार उघडून एवढंच म्हणायचं, "उन्हात का म्हून थांबलात? दोघं बी आत या."

सोपं वाटलं. माझ्याच घराच्या दारात शूटिंग. पहिल्यांदा म्हटलं तर दत्तू म्हणाला, "अप्पा, तुमी गिऱ्हाईकाला बोलावताय." दुसऱ्यांदा म्हणे, "हे भांडण झालं." चौथ्यांदा जमत आलतं, तर आतून आमची मालकीण ओरडली, "अवं, घ्या की आत त्यांला, भाकरी निवाल्या!" सातव्या खेपेला मी घामानं भिजलो, कॅमेराबिमेरा विसरलो आणि समोरच्या दोघांकडं बघून म्हटलं.

रमेशनं जाऊन कॅमेरा तपासला. "झालं! लई झकास आलं."

दत्तू उंबऱ्याबाहेरच उभा.

"अप्पा, अजून एकदा म्हणा."

"का म्हून बे? बिघडलं काय?"

"न्हाई. कॅमेरा बंद हाय. नुसतं म्हणा."

सात वेळा म्हटलेलं ते वाक्य काही केल्या आठवेना. पुढं झालो, दोघांचे हात धरले.

"चला रे घरात, पोरांनो."